घनही नाही, द्रवही नाही! – द्रवस्फटिकांची ओळख



या अंकातील माझ्या लेखाची सुरुवात एका चुकीच्या उत्तरापासून करतो. ते उत्तर माझेच आहे.

एप्रिल महिना होता. शाळा सकाळची, एकवेळ. नववीच्या वर्गातला कॅल्क्युलेटर खिडकीच्या कठड्यावर उन्हात राहून गेला. आपल्याकडचे एप्रिलचे ऊन कसे असते ते इंद्रवेल्लीकरांना सांगायला नको. एक विद्यार्थिनी तो घेऊन माझ्या खोलीत आली. आकडे दिसतात ती चौकट शाई सांडल्यासारखी काळी झाली होती. मी पाहिले आणि म्हणालो, "खराब झाला गं. कपाटात ठेवून दे." ती गेली. पंधरा-वीस मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, "सर, हा तर आपोआप चांगला झाला. मग मघाशी खराब कसा होता?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या पुस्तकांत 'तरल क्रिस्टल' हा शब्द दोन ओळींत येऊन गेला होता, तेवढाच मला आठवत होता. मराठीत 'तरल' म्हणजे हळुवार, नाजूक. म्हणून आपण त्याला 'द्रवस्फटिक' म्हणतो. त्या मुलीला उत्तर द्यायचे म्हणून मी पुन्हा वाचायला बसलो. जे समजले ते तिच्यासाठी आणि तुम्हा सर्वांसाठी येथे लिहीत आहे.

पदार्थाच्या अवस्था तीनच का?

पदार्थाच्या तीन अवस्था आपण पाचवी-सहावीपासून पाठ करतो : घन, द्रव आणि वायू. बर्फ तापला की पाणी, पाणी तापले की वाफ. पण काही पदार्थ असे आहेत की ते घनाचे एकदम साधे द्रव होत नाहीत. मध्ये एका वेगळ्या मुक्कामी थांबतात.

हे समजण्यासाठी आपल्या शाळेचेच उदाहरण घेऊ. प्रार्थनेच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याची जागा ठरलेली असते आणि सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात. हा झाला स्फटिक, म्हणजे मिठासारखा किंवा खडीसाखरेसारखा घन पदार्थ. मधल्या सुट्टीची घंटा झाली की जागाही नाही आणि दिशाही नाही. जो तो वाटेल तिकडे पळतो. हा झाला द्रव. आता नागोबाच्या जत्रेला केसलापूरच्या वाटेने चाललेली गर्दी आठवा. कोणाचीही जागा ठरलेली नाही, कोणी पुढे जातो, कोणी मागे राहतो. पण सगळे एकाच दिशेला वळलेले असतात. द्रवस्फटिकातले रेणू असेच वागतात. त्यांच्यात दिशेची शिस्त असते, जागेची शिस्त नसते. म्हणून हा पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागतो.

असे कोणते रेणू वागतात? मुख्यतः लांबट, काडीसारखे. पुराच्या पाण्यात तुराट्या वाहत असल्या की त्या आपोआप एकमेकींना समांतर होतात, हे आपण पाहिले आहे. गोल खडे तसे होत नाहीत. आकार लांबट असला की शेजाऱ्याला समांतर राहणे सोयीचे पडते.

या काड्यांच्या मांडणीचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात काड्या फक्त समांतर असतात. त्याला 'नेमॅटिक' म्हणतात. दुसऱ्यात काड्या समांतर असून थरांतही असतात, जणू काडेपेट्या एकावर एक उभ्या रचल्या आहेत; तो 'स्मेक्टिक'. तिसऱ्यात दिशा हळूहळू वळत जाते, गोल जिन्याच्या पायऱ्या वळतात तशी, तो 'कोलेस्टेरिक'. ही नावे आणि ही विभागणी फ्रान्सचे जॉर्ज फ्रिडेल यांनी १९२२ साली केली.

दोनदा वितळणारा पदार्थ

हा शोध मात्र त्याच्याही आधीचा आहे. १८८८ साली प्राग येथे फ्रीडरिश राइनिट्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या एका पदार्थाचा अभ्यास करत होते. तो पदार्थ १४५.५ अंश सेल्सियसला वितळला आणि गढूळ, दुधाळ द्रव झाला. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशाला तो द्रव एकदम स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला जणू दोन वितळणबिंदू! पदार्थात भेसळ असेल अशी शंका येणे साहजिक होते. राइनिट्झर यांनी तो नमुना जर्मनीतील भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांच्याकडे पाठवला. लेमान यांच्याकडे तापवता येणारे, ध्रुवित प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक होते. त्यांनी तपासून सांगितले की ही भेसळ नाही, हा वाहणारा स्फटिक आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. राइनिट्झर यांनी गढूळ द्रव पाहून 'नमुना खराब झाला' असे म्हणून तो फेकून दिला नाही. मी मात्र कॅल्क्युलेटर कपाटात ठेवायला सांगितला होता.

पडदा कसा चालतो?

आता कॅल्क्युलेटरच्या चौकटीत डोकावू. त्यासाठी आधी ध्रुवित प्रकाश समजला पाहिजे. खिडकीच्या उभ्या गजांमधून एक दोर ओढून घ्या आणि त्याचे टोक वर-खाली हलवा. दोराची लाट गजांमधून पलीकडे जाते. तोच दोर डावी-उजवीकडे हलवला तर लाट गजांपाशी अडते. प्रकाशाच्या लाटा सगळ्या दिशांनी हलत असतात. 'पोलरॉइड' नावाचा पातळ कागद गजांसारखे काम करतो आणि एकाच दिशेने हलणारा प्रकाश पुढे सोडतो. हा ध्रुवित प्रकाश. अशा दोन पोलरॉइडांचे गज एकमेकांना काटकोनात ठेवले तर काहीच पलीकडे जात नाही, अंधार होतो.

एलसीडी म्हणजे द्रवस्फटिकाचा पडदा. यात काचेच्या दोन तावदानांमध्ये द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर असतो, माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ. दोन्ही काचांच्या बाहेर काटकोनात ठेवलेली पोलरॉइडे असतात. काचांच्या आतल्या बाजूला एक लेप देऊन तो मऊ कापडाने एकाच दिशेने घासलेला असतो. रेणूंच्या काड्या त्या घासलेल्या दिशेला लागतात. वरच्या काचेवर घासण्याची दिशा एक, खालच्या काचेवर तिला काटकोनात. त्यामुळे मधल्या काड्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ९० अंश वळतात. प्रकाश या जिन्यातून उतरताना स्वतःही ९० अंश वळतो आणि दुसऱ्या पोलरॉइडमधून सहज बाहेर पडतो. चौकट उजळ दिसते.

आता जेथे आकडा उमटवायचा तेथे थोडा विद्युत दाब द्यायचा. तेथील काड्या काचेला लंब उभ्या राहतात, जिना मोडतो, प्रकाश वळत नाही आणि दुसऱ्या पोलरॉइडपाशी अडतो. तेवढा भाग काळा दिसतो. हाच आपला आकडा. दाब काढला की काड्या पुन्हा जिना करतात. प्रकाश निर्माण करायचा नाही, फक्त त्याची वाट उघडायची-मिटायची, म्हणून विजेचा खर्च अगदी थोडा. एका लहानशा बॅटरीवर मनगटी घड्याळ वर्षभर आणि त्याहूनही जास्त चालते ते यामुळेच.

त्या मुलीचे उत्तर

द्रवस्फटिक ठराविक तापमानापर्यंतच द्रवस्फटिक राहतो. त्यापुढे त्याचा साधा द्रव होतो, म्हणजे मधल्या सुट्टीची घंटा होते. भर उन्हात ठेवलेले काळे प्लॅस्टिक हवेच्या तापमानापेक्षा खूप जास्त तापते. त्या दिवशी चौकटीतील सगळ्याच काड्यांची शिस्त मोडली, जिना राहिला नाही, प्रकाश वळला नाही आणि सगळी चौकट काळी झाली. सावलीत आल्यावर पदार्थ थंड झाला, काड्या पुन्हा घासलेल्या दिशेला लागल्या, जिना परत तयार झाला. कॅल्क्युलेटर खराब झाला नव्हता. राइनिट्झर यांनी १८८८ साली पाहिलेली गोष्टच आपल्या खिडकीत घडली होती. मोटारसायकलचा डिजिटल मीटर उन्हात काळा पडतो, त्याचेही कारण हेच. मात्र वारंवार असे तापवल्यास पडद्याचे आयुष्य कमी होते, हेही सांगून ठेवतो.

बाजारात आलेला पडदा

अशा पडद्याचा पहिला जाहीर प्रयोग अमेरिकेतील आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली दाखवला. वर सांगितलेली वळणाच्या जिन्याची युक्ती १९७०-७१ ची आहे. पण घरगुती तापमानाला टिकणारा पदार्थ हवा होता. तो इंग्लंडमधील हल विद्यापीठाचे जॉर्ज ग्रे यांनी १९७३ च्या सुमारास दिला आणि मग घड्याळे व कॅल्क्युलेटर घरोघरी गेले. या विषयाचे सैद्धांतिक काम करणारे फ्रान्सचे पिएर-जिल द जेन यांना १९९१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रंगीत टीव्हीतही हेच तत्त्व आहे. फरक एवढाच की मागे पांढरा दिवा असतो आणि प्रत्येक ठिपक्यासमोर लाल, हिरवा व निळा अशा तीन रंगांच्या गाळण्या असतात. 'फुल एचडी' पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येकाचे तीन भाग धरले तर ६२ लाखांहून अधिक झडपा झाल्या.

पालकांसाठी एक खुलासा. दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा एलसीडीच असते. फक्त मागचा दिवा एलईडीचा असतो. वजनकाट्यावरचे स्वतः चमकणारे लाल आकडे मात्र खरे एलईडी आहेत, त्यात द्रवस्फटिक नाही. महागड्या मोबाइलमध्ये आता 'ओलेड' पडदे येतात; त्यांतील प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, तेथेही द्रवस्फटिकाच्या झडपा नसतात.

नागपूरचा विद्यार्थी, बेंगळूरचा शोध

आता या विषयातील सर्वात अभिमानाची गोष्ट सांगतो. ती आपल्यापासून फार दूरची नाही. आदिलाबादहून महामार्गाने उत्तरेला गेले की नागपूर लागते. त्या नागपूर विद्यापीठातून १९५१ साली शिवरामकृष्ण चंद्रशेखर नावाचा विद्यार्थी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.ला पहिला आला. ते सर सी. व्ही. रामन यांचे भाचे. नोबेल मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे. नावे सारखी असल्याने पुष्कळदा गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट केले.

आपल्या या चंद्रशेखरांनी बेंगळूरला मामांच्या हाताखाली संशोधन केले, पुढे केंब्रिजला जाऊन आले, १९६१ साली म्हैसूर विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९७१ साली रामन संशोधन संस्थेत त्यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली.

तोपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षे जगभर असे धरून चालले होते की द्रवस्फटिक व्हायचे तर रेणू काडीसारखा लांबट हवा. चंद्रशेखर यांनी विचारले : काडीच का? चकती का नको? त्यांनी बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश या सहकाऱ्यांसह तसे रेणू तयार केले : मध्ये बेन्झीनचे सपाट चाक आणि त्याला सहा बाजूंनी सहा लांब शेपट्या. हे रेणू एकावर एक बसून खांब तयार करतात, जशी घरात भाकरींची चवड असते, आणि अशा अनेक चवडी शेजारी-शेजारी पोळ्याच्या घरांसारख्या षटकोनी मांडणीत उभ्या राहतात. १९७७ साली 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. द्रवस्फटिकांचे एक नवे घराणेच त्यातून सुरू झाले. आज त्यांना चकतीरूप किंवा 'डिस्कॉटिक' द्रवस्फटिक म्हणतात.

याचा उपयोग काय झाला? जुन्या लॅपटॉपच्या पडद्याकडे बाजूने पाहिले की रंग उलटे-सुलटे दिसत, हे अनेकांना आठवत असेल. १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने चकतीरूप रेणूंचा पातळ पापुद्रा तयार केला. तो पडद्यावर बसवल्याने बाजूनेही चित्र स्वच्छ दिसू लागले. बेंगळूरच्या प्रयोगशाळेतील विचार असा जगभरच्या टेबलांवर पोहोचला.

चंद्रशेखर यांनी १९९१ साली बेंगळूरला द्रवस्फटिक संशोधनाचे स्वतंत्र केंद्र काढले. आज ते नॅनो व मृदू पदार्थांच्या संशोधनाचे, केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखालील स्वायत्त केंद्र आहे. १९९८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००४ साली त्यांचे निधन झाले.

एक खंतही नोंदवतो. चकतीचा शोध आपल्या देशात लागला, पण पडद्याचे मोठे कारखाने चीन, कोरिया, तैवान आणि जपानमध्ये उभे राहिले. शोध लावणे आणि त्यातून वस्तू घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यात आपण मागे पडलो. ते काम पुढच्या पिढीचे, म्हणजे आज आपल्या बाकांवर बसलेल्यांचे आहे.

पडद्यापलीकडचे उपयोग

द्रवस्फटिक फक्त पडद्यातच असतात असे नाही. कपाळावर लावून ताप पाहण्याच्या पट्टीत कोलेस्टेरिक प्रकार असतो. तापमानाबरोबर जिन्याच्या पायऱ्यांमधले अंतर बदलते आणि रंगही बदलतो. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली द्रवस्फटिक द्रावणातून अतिशय मजबूत धागा काढला. तोच 'केवलार', ज्यापासून गोळीरोधक जाकिटे बनतात. साबण पाण्यात दाट कालवला तरी द्रवस्फटिकच तयार होतो. आणि आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण हेसुद्धा याच जातीचे : रेणू थरात शिस्तीने उभे, तरीही सरकायला मोकळे. ते अगदी घट्ट असते तर पेशीत काही आत-बाहेर झाले नसते, आणि अगदी सैल असते तर पेशीच टिकली नसती.

पुढे काय? बटण दाबताच धूसर किंवा पारदर्शक होणारी काच आजही मोठ्या इमारतींत वापरतात. ती स्वस्त झाली तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात फार उपयोगी पडेल. विजेने नंबर बदलणारे चष्मे, उपग्रहाशी बोलणारे सपाट अँटेना, आणि तापवल्यावर स्नायूसारखे आखडणारे द्रवस्फटिकी रबर यांवर काम चालू आहे. चकतीरूप द्रवस्फटिकांच्या चवडीतून विद्युतभार वरून खाली जाऊ शकतो, म्हणून सौर घटांसाठीही त्यांचा अभ्यास होतो. यातले सगळेच यशस्वी होईल असे नाही, पण प्रयत्न खरे आहेत.

घरी करून पाहा

पोलरॉइडचा गॉगल कोणाकडे असेल तर तो कॅल्क्युलेटरसमोर धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत चौकट काळी होईल. आता लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरे पान उघडा, गॉगल धरून ते काळे होईपर्यंत फिरवा आणि मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरा. पट्टीत इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतील. का दिसतात, ते लिहून आणा. गॉगलमधूनही सूर्याकडे पाहू नका आणि फुटलेल्या पडद्यातील द्रवाला हात लावू नका.

विश्वस्तांना विनंती

यंदा वर्गात मोठा डिजिटल फळा बसवण्याचा विचार संस्थेत चालू आहे. तो जरूर यावा. तोही द्रवस्फटिकाचाच पडदा असतो. पण त्याच्याबरोबर प्रयोगशाळेसाठी पोलरॉइडचे काही तुकडे, दोन भिंगे आणि एक चांगले सूक्ष्मदर्शकही यावे. फळ्याच्या तुलनेत हा खर्च थोडा आहे. फळ्यावर मुले चित्र पाहतील. त्या चित्रामागे काय आहे, हे त्यांनी हाताने तपासावे यासाठी प्रयोगशाळेचे कुलूप रोज उघडले पाहिजे. ते रोज उघडण्याची जबाबदारी मी घेतो.

आणि पालकांनो, सीमाभागातल्या लहान गावात, मराठीतून शिकून मुलाचे काय होणार, ही तुमची काळजी मला माहीत आहे. इंग्रजी शिकलेच पाहिजे, तेलुगूही चांगली आली पाहिजे. पण 'मग मघाशी खराब कसा होता?' हा प्रश्न त्या मुलीला मराठीतच पडला, आणि तो अगदी बरोबर प्रश्न होता. घरी मुलांनी असा प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत नसले तर 'माहीत नाही, बघून सांगतो' एवढे जरूर म्हणा. मी आता तसेच म्हणायला शिकतो आहे.

तो कॅल्क्युलेटर कपाटातून काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे.

आपला,
मुख्याध्यापक